हिस्टेरिया



घरात एखादी बाई तावातावाने बोलली, धाय मोकलून रडली, की कुणीतरी म्हणतेच, ‘तिला हिस्टेरिया झालाय.’ अफवेने गाव बिथरले तर बातमीत ‘मास हिस्टेरिया’ येतो. हा शब्द इतका सैल वापरावा असे मला वाटत नाही. त्याने बायकांचे फार नुकसान केले आहे.

ग्रीक भाषेत ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय. ते जागा सोडून वर सरकते आणि बाईचा श्वास कोंडतो, अशी प्राचीन ग्रीक वैद्यांची समजूत होती. मग ते खाली जावे म्हणून तिच्या नाकाशी दुर्गंधी वस्तू धरत. आपल्याकडेही दातखीळ बसलेल्या सुनेला कांदा नाहीतर चप्पल हुंगवली जाई. तिला काय सोसवेनासे झाले आहे, हे मात्र सहसा कुणी विचारत नसे.

ते विचारले गेले व्हिएन्नात. बर्था पापेनहाइम ही तरुणी आजारी वडिलांची रात्ररात्र शुश्रूषा करत होती. तिचा उजवा हात लुळा पडला, मातृभाषा जर्मन बोलता येईना, ती इंग्रजीत बोलू लागली. डॉक्टर ब्रॉयर तिचे बोलणे तासन् तास ऐकत. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या हिस्टेरियावरच्या 1895 च्या पुस्तकात ‘अ‍ॅना ओ.’ या नावाने येते ती हीच. तिला पुढेही बराच काळ त्रास झाला; पण 1904 मध्ये तिनेच जर्मनीत ज्यू स्त्रियांची मोठी संघटना उभी केली. तिची ही ओळख आधी सांगितली पाहिजे.

पहिल्या महायुद्धात धडधाकट सैनिकांची वाचा गेली, हातपाय कापू लागले. त्यांच्या अशाच लक्षणांसाठी मात्र ‘शेल शॉक’ हे वेगळे नाव रूढ झाले. 1980 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या अधिकृत सूचीतून हिस्टेरिया हे निदान काढून टाकले.

नाव गेले; त्रास मात्र खरा असतो, सोंग नव्हे. पाय लुळा पडलेल्या रुग्णाला डॉक्टर पाठीवर झोपवून त्या पायाची टाच खाली दाबायला सांगतात; जमत नाही. मग चांगला पाय जोर लावून उचलायला सांगतात, तेव्हा लुळ्या पायाची टाच आपोआप खाली दाबली जाते. 1908 मध्ये हूवर या डॉक्टरांनी नोंदवलेली ही खूण आता रुग्णाला मुद्दाम दाखवतात. पायातली ताकद शाबूत आहे, हे रुग्णाला स्वतःला कळते आणि तिथून व्यायामोपचार सुरू होतात.