वाट कुणाची, माल कुणाचा?



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने युरोपातील नैसर्गिक वायूच्या बाजारावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु हा विषय केवळ अभियंत्यांचा किंवा अर्थशास्त्र्यांचा नाही. सत्ता आणि न्याय यांचा जो जुना प्रश्न आहे, त्याचेच हे एक अर्वाचीन रूप आहे. शिवाय आपण वडोदऱ्याचे रहिवासी. नळातून वायू थेट स्वयंपाकघरात येण्याची सोय देशातील ज्या नगरांत फार लवकर झाली, त्यांत आपले नगर आहे. तेव्हा या नळामागची व्यवस्था समजून घेणे आपल्याला परके वाटू नये.

प्रथम प्रश्न स्पष्ट करून घेऊ. नदीवर एकच नाव आहे आणि पैलतीरावर बाजार आहे, अशी कल्पना करा. नावाडी केवळ नावाडीच असेल, तर तो भाडे घेऊन सर्वांना पार नेईल. पण तोच धान्याचा व्यापारीही असेल तर? दुसऱ्या व्यापाऱ्याची पोती नेताना नावेत कधी जागा नसेल, कधी भाडे वाढलेले असेल, कधी वल्हे मोडलेले असेल. त्याने कोणताही नियम उघडपणे मोडलेला नसेल. तरीही पैलतीरी धान्य एकाचेच विकले जाईल. वायूच्या व्यवहारात ही नाव म्हणजे जमिनीखालची वाहिनी. एका गावाला दोन वाहिन्या टाकणे परवडत नाही, म्हणून वाहिनी ही स्वभावतःच मक्तेदारी असते. माल मात्र तसा नसतो. तो अनेकांना विकता येतो.

युरोपात ही दोन्ही कामे दीर्घकाळ एकाच हाती होती, आणि त्याला कारणही होते. नेदरलँड्समधील स्लोख्तरेन येथे १९५९ साली ग्रोनिंगेनचा प्रचंड वायुसाठा सापडला. त्यानंतर देशोदेशी वाहिन्या टाकण्यासाठी अफाट भांडवल हवे होते. ते गुंतवणाऱ्यांना वीस-पंचवीस वर्षांच्या खरेदीची हमी हवी होती. त्यातून दीर्घ मुदतीचे करार झाले, वायूचा दर खनिज तेलाच्या दराशी बांधला गेला आणि प्रत्येक देशात एक बलाढ्य कंपनी उभी राहिली. त्या काळाच्या गरजेतून हे घडले, हे मान्य केले पाहिजे. अडचण अशी, की गरज सरली तरी अधिकार सरत नाही.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का ब्रिटनने दिला. पण प्रारंभी त्याने एक महत्त्वाची गोष्ट वगळली. १९८६ साली ब्रिटिश गॅस ही सरकारी कंपनी अखंडच्या अखंड भागधारकांना विकण्यात आली. मोठ्या उद्योगांना दुसऱ्याकडून वायू घेण्याची मुभा कायद्याने दिली. पण त्या दुसऱ्याला वाहिनी मागायची होती ती ब्रिटिश गॅसकडेच. सरकारी मक्तेदारी जाऊन खासगी मक्तेदारी आली. १९९३ साली मक्तेदारी आयोगाने वाहतूक आणि विक्री वेगळी करण्याची शिफारस केली. १९९५ च्या कायद्यानंतर, १९९६ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील सुमारे पाच लाख घरांना पुरवठादार निवडण्याची संधी मिळाली आणि १९९८ च्या मध्यापर्यंत ती देशभर पोचली. दरम्यान १९९७ साली कंपनीच दुभंगली. विक्री सेंट्रिकाकडे गेली, वाहिन्या दुसऱ्या कंपनीकडे राहिल्या.

युरोपीय संघाचा मार्ग अधिक लांबचा होता. या विभाजनासाठी इंग्रजीत जो शब्द रूढ आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘गाठोडे सोडणे’ असा होतो. मला मात्र आपल्या घरगुती भाषेत ही गोष्ट अधिक नेमकी सांगता येईल असे वाटते. एकत्र कुटुंब विभक्त होते तेव्हा आधी हिशेबाची वही वेगळी होते, मग चूल वेगळी होते आणि शेवटी घर वेगळे होते. युरोपने नेमक्या याच तीन पायऱ्या चढल्या.

१९९८ च्या निदेशाने वही वेगळी केली. कंपनीने वाहतुकीचे व विक्रीचे हिशेब स्वतंत्र ठेवावेत आणि इतरांनाही वाहिनीचा उपयोग करू द्यावा, असे ठरले. परंतु वही निराळी असली तरी लिहिणारा हात एकच होता. २००३ च्या निदेशाने चूल वेगळी केली. वाहतुकीसाठी कायद्याने स्वतंत्र कंपनी हवी, आणि १ जुलै २००७ पासून प्रत्येक घराला पुरवठादार निवडता आला पाहिजे, असे सांगितले. तरीही मूळ मालक तोच राहू शकत होता. युरोपीय आयोगाने सखोल चौकशी करून जानेवारी २००७ मध्ये निष्कर्ष मांडला, की मालकी एक असेपर्यंत प्रतिस्पर्ध्याला डावलण्याचा मोह सुटत नाही.

हा मोह काल्पनिक नव्हता. जर्मनीची रुअरगास आणि फ्रान्सची गाझ द फ्रान्स या कंपन्यांनी १९७५ मध्ये मिळून मेगाल वाहिनी बांधण्याचे ठरवले, तेव्हाच तिच्यातून येणारा रशियन वायू एकमेकींच्या देशात विकायचा नाही, असाही करार केला. बाजार खुला झाल्यावरही तो समझोता चालूच होता. २००९ च्या जुलैमध्ये आयोगाने दोन्ही पक्षांना प्रत्येकी ५५.३ कोटी युरो दंड केला. २०१२ मध्ये न्यायालयाने तो प्रत्येकी ३२ कोटींवर आणला. वाटेचे मालक मालाचेही मालक असले म्हणजे खुला बाजार कागदावर कसा राहतो, हे या प्रकरणाने दाखवले.

म्हणून २००९ सालचा तिसरा निदेश आला आणि घर वेगळे करण्याची भाषा सुरू झाली. मात्र फ्रान्स व जर्मनी यांच्या आग्रहामुळे तीन पर्याय ठेवावे लागले. पहिला, मालकीच वेगळी करणे. दुसरा, मालकी ठेवून कारभार त्रयस्थाकडे सोपवणे. तिसरा, वाहिनी त्याच समूहात ठेवून तिच्या व्यवस्थापनावर कडक निर्बंध घालणे. नेदरलँड्सने तर २००५ मध्येच आपल्या गासुनी कंपनीतून व्यापार वेगळा काढला होता. तेथील ‘टीटीएफ’ हे २००३ साली सुरू झालेले व्यापारकेंद्र पुढे साऱ्या खंडाचा दर ठरवू लागले. हे केंद्र म्हणजे एखादे बंदर किंवा गोदाम नव्हे. देशाच्या जालात शिरलेला वायू कुठल्या नळात आहे हे न पाहता, त्याची मालकी कागदोपत्री बदलण्याची ती एक कल्पित जागा आहे.

या सुधारणेचे मोल समजायचे तर लिथुआनियाकडे पाहावे. या लहानशा देशाला सारा वायू रशियाकडून मिळे आणि देशातील वायुकंपनीतही रशियाच्या गाझप्रोमचा मोठा वाटा होता. लिथुआनियाने सर्वांत कठोर, म्हणजे मालकीच्या फारकतीचा पर्याय निवडला. २०१३ मध्ये वाहिन्यांसाठी वेगळी कंपनी झाली, २०१४ मध्ये गाझप्रोमने आपला हिस्सा विकला. त्याच वर्षी क्लाइपेडा बंदरात द्रवरूप वायू उतरवून घेणारी नौका आली; तिचे नावच ‘इंडिपेंडन्स’, म्हणजे स्वातंत्र्य. विशेष असे, की नौका येण्यापूर्वी, मे महिन्यातच, गाझप्रोमने दर कमी केला. दुसरी वाट खुली होणार, एवढ्यानेच पहिल्या व्यापाऱ्याचा आवाज नरमला. एप्रिल २०२२ मध्ये रशियन वायू घेणे पूर्णपणे थांबवणारा तो युरोपीय संघातील पहिला देश ठरला.

तथापि विषयाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. वाट निःपक्षपाती झाली म्हणून माल निर्माण होत नाही. २०२१ पासून दर भडकले आणि ब्रिटनमध्ये स्वस्त वायूचे आश्वासन देणारे तीसच्या आसपास पुरवठादार बुडाले. ग्राहकाला निवड मिळाली होती. परंतु ज्याची निवड केली त्याच्या तिजोरीत काही आहे की नाही, हे नीट पाहिले गेले नव्हते. जर्मनीतील रेडेन येथील अतिविशाल भूमिगत साठा गाझप्रोमच्या ताब्यातील कंपनीकडे होता आणि २०२१ च्या हिवाळ्यापूर्वी तो जवळजवळ रिकामा होता. वाहिनीची फारकत झाली, कोठाराकडे मात्र लक्ष गेले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये टीटीएफवरचा दर मेगावॅट-तासाला तीनशे युरोंच्या वर गेला. त्याच वर्षी कोठारे किमान किती भरावीत याचे बंधन आले आणि कोठार चालवणाऱ्यांचीही पारख होऊ लागली.

पण त्याच हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. ब्रिटन, बेल्जियम व नेदरलँड्स यांच्या बंदरांवर उतरलेला वायू पूर्वेकडे वाहिला. ज्या वाहिन्या एकेकाळी आपापल्या मालकाचा माल सांभाळीत, त्याच परक्याचा माल वाहून नेत होत्या. टंचाई टळली नाही, दर छळतच राहिले. पण घरे थंड पडली नाहीत. वाटेच्या निःपक्षपातीपणाचे फळ समृद्धीत फारसे दिसत नाही, संकटात दिसते.

आपल्या देशातही हा प्रश्न उभा आहे. नियामक मंडळाचा कायदा २००६ साली झाला, वायूच्या खरेदी-विक्रीचा विनिमयबाजार २०२० मध्ये सुरू झाला. गेल ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी वायू वाहूनही नेते आणि विकतेही. तिचे विभाजन करावे की नाही, याची चर्चा अधूनमधून होत आली आहे. तिचा निर्णय तज्ज्ञ घेतील. परंतु तीन प्रश्न सामान्य नागरिकानेही विचारावेत. वही वेगळी झाली आहे, की चूल, की घर? वाटेबरोबर कोठाराचाही विचार झाला आहे ना? आणि ज्याच्या हाती वाट सोपवली, त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार आहे?

विद्यार्थिमित्रांनो, हे प्रश्न वायूपुरते थांबत नाहीत. रेल्वे, वीज, दूरध्वनी, बाजारसमिती, जेथे जेथे वाट एक आणि वाटसरू अनेक, तेथे ते विचारता येतात. ते आपल्या मातृभाषेत, नेमक्या शब्दांत विचारण्याची सवय तुम्हाला लागावी, एवढीच इच्छा व्यक्त करतो.