शिस्त कोणासाठी?

(कबड्डी मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण)



आपल्या मंडळाच्या फळ्यावर शिस्तीचे नियम आहेत : मुलींनी वेळेवर यावे, मोठ्याने हसू नये, सरांना उलट बोलू नये. सरांसाठी मात्र एकही नियम नाही! पकड शिकवताना अंगाला हात लागणारच. पण कुठे, कसा, विचारून की न विचारता, हे कोण ठरवणार? तक्रार सरांबद्दलच असेल तर ती सरांकडेच करायची का?

२०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडासंस्था आणि क्रीडासंकुलेही ‘कामाचे ठिकाण’ मानली आहेत. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्या समितीचा पत्ता फळ्यावर लिहावा आणि तक्रार करणाऱ्या मुलीला संघातून वगळले जाणार नाही, असा ठराव आजच करावा, ही माझी मागणी आहे.