परसातला कडुनिंब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



टाळेबंदीच्या दिवसांवर मी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा घरात पाहिले तेवढेच सांगते.

२५ मार्च २०२० रोजी देश बंद झाला, तो गुढीपाडव्याचा दिवस होता. आमचे घर महालात. परसात जुना कडुनिंब आहे. पाडव्याला सकाळपासून आळीतली मुले डहाळी मागायला येतात. त्या वर्षी कोणी आले नाही. पेठ बंद, म्हणून गाठीही नव्हती. सासूबाईंनी गुढीपुढे वाटीभर साखर ठेवली.

पुढे पुष्कळांनी म्हटले की, टाळेबंदीने निवांतपणा दिला. तो कोणाला मिळाला, हे विचारावेसे वाटते. गृहिणीला निवांतपणा मिळतो तो घर रिकामे झाल्यावर, दहापासून चारपर्यंत. तोच नेमका गेला. पाच माणसे, दिवसातून चारदा चहा, आणि 'आता काय करतेस?' म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहणारे आमचे हे! दरवर्षी चौघी मिळून कुरडया घालतो. त्या उन्हाळ्यात गव्हाचा चीक मी एकटीने हाटला.

आमची भांडीवाली बाई सतरंजीपुऱ्याकडची. एप्रिलमध्ये तो भाग बंद केला गेला आणि भांडी माझ्याकडे आली. तिचा पगार आम्ही चालू ठेवला. काही घरांनी 'काम नाही तर पगार कशाचा?' असे म्हटले. मला ते पटले नाही. तिने काही रजा मागितली नव्हती.

भांडी घासायचा नळ परसात, कडुनिंबाखाली. दुपारी सगळे झोपले की मी तिथे जाई, आणि खरे सांगू? लवकर उठावेसे वाटत नसे. तांबटाचे टुकटुक चालायचे, सातभाई पाचोळा उकरत भांडायचे. लोक म्हणत, पक्षी वाढले. मला वाटते, पक्षी होते तेवढेच होते. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, म्हणून ते ऐकू आले.

मे महिन्यात कावळ्याने वरच्या फांदीवर घरटे केले. गातो तो कोकीळ नर, ठिपक्यांची ती मादी, हे मला मुलीने सांगितले. मग मी नीट पाहू लागले. नर मुद्दाम घरट्याजवळ येऊन ओरडे, कावळे त्याच्या पाठीस लागत, आणि मादी तेवढ्यात हळूच आत शिरे. २६ मे रोजी नागपुरात ४७ अंश ऊन होते. त्या दिवशीही कावळी चोच उघडी टाकून घरट्यावर बसलेली. मी मातीच्या परळात पाणी ठेवले. कावळ्यांनी त्यात शिळ्या पोळीचे तुकडे भिजवून नेले.

जूनमध्ये बाई परत आली. वाळली होती. दोघी नळाजवळ बसलो असताना फांदीवर ठिपक्यांचे पिल्लू तोंड वासून ओरडत होते आणि कावळी त्याला भरवीत होती. मी म्हटले, "बघ, कशी फसली बिचारी!"

बाई वर न बघताच म्हणाली, "कावळीले समजते, काकू. पण लेकरू भुकेजलं तर करन काय?"

आणि कढई पुढे ओढून तिने राख मागितली.