काचबिंदूची शस्त्रक्रिया आणि औषधाला दाद न देणाऱ्या पेशी
(पालक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. तरी आज काचबिंदूविषयी बोलतो, कारण या रोगाने गेलेली दृष्टी परत येत नाही आणि बहुतेकांना सुरुवातीस काहीच दुखत नाही.

डोळ्यात एक पाणी सतत तयार होते व झिरपून बाहेर जाते. ही वाट तुंबली की दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू निकामी होते. औषधाच्या थेंबांनी दाब उतरला नाही, तर शस्त्रक्रियेने पाण्याला नवी वाट करून देतात. इंग्लंडमधील केर्न्स यांनी १९६८ साली मांडलेली ट्रॅबेक्युलेक्टमी ती हीच.

पण शरीराच्या लेखी ही वाट म्हणजे जखम! बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावर टेननचा थर असतो. त्यातील पेशी वाढून जखम भरू लागतात आणि वाट बुजते. म्हणून सर्जन तेथे मायटोमायसिन हे कर्करोगावरचे औषध काही मिनिटे लावतात. पेशींची वाढ त्याने रोखली जाते.

आता खरी अडचण पाहा. कर्करोगाच्या औषधांना दाद न देणाऱ्या पेशींच्या आवरणात १९७६ साली शास्त्रज्ञांना एक प्रथिन सापडले, पी-ग्लायकोप्रोटीन. नावाडी होडीतले पाणी उपसतो, तसे ते आत आलेले औषध बाहेर फेकते. मायटोमायसिन लागल्यानंतर टेननच्या पेशींतही हे प्रथिन वाढलेले संशोधकांना आढळले आहे. म्हणजे पहिली वाट बुजली, तर दुसऱ्या वेळी तेच औषध कमी पडण्याचा संभव असतो. मात्रा वाढवत नेणेही सोपे नाही. त्याने वरचे आवरण पातळ होऊन पाणी गळते, जंतुसंसर्गाचे भय वाढते.

तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेलाच जपले पाहिजे. टाके काढले म्हणजे काम संपले, असे समजू नका. सांगितलेल्या दिवशी तपासणीस जा. थेंब मनाने बंद करू नका. घरात कोणाला काचबिंदू असेल, तर भावंडांनी व मुलांनी डोळ्यांचा दाब व नस तपासून घ्यावी. चाळिशीनंतर तर सर्वांनीच. मुलांचे डोळे खाजतात म्हणून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्महिने घालू नका. त्यानेही काचबिंदू होतो.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना एवढेच विचारा, "डोळ्यांचा दाब कधी तपासला होता?"