अक्षराचं लॉकेट घेताना

हात पिठात असतील नाहीतर खुरप्यावर असतील, ते तसेच चालू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज दागिन्याबद्दल बोलायचंय, पण लग्नातल्या नाही. ठुशी, बोरमाळ, कोल्हापुरी साज यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आजचा डाग अगदी लहान आहे. बारीक चेन आणि तिच्यात नावाचं पहिलं अक्षर. कॉलेजच्या मुलींच्या गळ्यात दिसतं, नर्सबाईंच्या गळ्यात दिसतं, आणि गेल्या दिवाळीपासून आपल्या गटातल्या बायकाही विचारायला लागल्यात, की बाई, हे कुठं मिळतं, केवढ्याला मिळतं, आणि फसायला तर होत नाही ना?

नाव घालायची हौस काही आजची नाही. आपल्या आज्यांनी जत्रेत हातावर नाव गोंदून घेतलंय. भांड्यांवर नाव घालणारा दारात बसून टकटक करायचा, ते आठवत असेल. पण त्या हंड्यावर, परातीवर नाव कुणाचं असायचं? घरधन्याचं. भांडी घासायची हिनं आणि नाव त्यांचं! म्हणून मला हा अक्षराचा डाग आवडतो. मंगळसूत्र नवऱ्याच्या नावाचं, ते आपण घालतोच. हे एक अक्षर आपलं.

पण अक्षर कुणाचं घ्यायचं, यावर आमच्या गटात चांगली तासभर चर्चा झाली. कुणी म्हणाली मुलाचं घालीन, कुणी म्हणाली यांचं. एका वहिनींचा प्रश्न निराळाच होता. त्यांचं माहेरचं नाव वेगळं, सासरी बदललेलं वेगळं, आणि पत्रिकेतलं तिसरंच. मग अक्षर कोणतं? त्यांच्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आई ज्या नावानं हाक मारायची, ते घाल." झालं, विषय मिटला. माझं मत विचाराल तर नवऱ्याचं किंवा मुलाचं अक्षर घालण्यात वाईट काही नाही, पण पहिलं घेताना स्वतःचं घ्या. दुसरं घेण्याची वेळ पुष्कळदा येतच नाही.

आता मराठी अक्षर की इंग्रजी? दुकानात तयार माल बहुतेक इंग्रजी अक्षरांचा असतो आणि तो स्वस्त पडतो. मराठी अक्षर करून घ्यावं लागतं. इंग्रजीत सविता, शकुंतला आणि षण्मुखा तिघीही एकाच 'एस'मध्ये जातात. ज्ञानेश्वरीला तर 'डी' घालावा लागतो, आणि मग बघणारा विचारतो, तुमचं नाव दुर्गा का? मराठीत ज्ञ म्हणजे ज्ञ, श्र म्हणजे श्र. तेव्हा भेट द्यायची असेल तर ती बाई स्वतःचं नाव कसं लिहिते, ते पासबुकावरची सही बघून ठरवा. वैशाली 'व्ही'नं लिहिते की 'डब्ल्यू'नं, हे अंदाजानं सांगू नका. करून घेतलेला डाग दुकानदार सहसा परत घेत नाही. अक्षर कागदावर काढून द्या, त्याच वळणाचं हवं म्हणून सांगा, आणि कापायच्या आधी चित्र बघा.

मराठी अक्षराचा आणखी एक गुण आहे, तो म्हणजे वरची रेघ. त्या शिरोरेषेच्या दोन्ही टोकांना दोन कड्या लावल्या की अक्षर सरळ राहतं, गळ्यात उलटंपालटं होत नाही. एकाच कडीवर लोंबणारं अक्षर दिवसभर फिरत राहतं, निम्मा वेळ त्याची पाठच दिसते. मात्र ग, श, ण या अक्षरांत उभा दांडा बाकीच्या अक्षराला फक्त वरच्या रेघेनं जोडलेला असतो. पत्रा पातळ असला की झोपेत कुशीवर वळताना तो दांडा वाकतो. शोभाताई, गंगूबाई, तुम्ही अशा अक्षरामागं आधाराचा पत्रा लावून मागा, नाहीतर गोल नाण्यासारख्या पदकावर अक्षर कोरून घ्या. कोरलेलं अक्षर वर्षानुवर्षं घासून थोडं झिजतं, पण ते केसात अडकत नाही, पदराचा धागाही ओढत नाही. रोज घालायचं तर मी कोरलेलंच घेईन. वेलांटी, मात्रा असलेलं नक्षीचं अक्षर फोटोत छान दिसतं, पण भाकरी थापताना टोचतं.

आता कशात घ्यायचं? सगळ्यात स्वस्त ते बाजारात 'एक ग्रॅम' म्हणून मिळतं. नावावर जाऊ नका. त्या डागात एक ग्रॅम सोनं असतं असं नाही. आत पितळ किंवा तांबं असतं, वरून सोन्याचा पातळ मुलामा. घामानं, साबणानं तो उडतो आणि मान काळी-हिरवी दिसायला लागते. काही जणींना अशा दागिन्यानं मानेवर खाज सुटते, पुरळ येतं. त्याचं कारण बऱ्याचदा आतला निकेल नावाचा धातू असतो. एकदा त्याची ॲलर्जी झाली की पुन्हा पुन्हा होते, म्हणून खाज आली तर तो डाग उतरवाच, वरून पावडर लावून घालत बसू नका. स्टीलचं अक्षर मिळतं, ते काळं पडत नाही, बहुतेकींना सोसतं, आणि शेतात हरवलं तरी जीव हळहळत नाही. शाळा-कॉलेजच्या मुलीला भेट द्यायला ते मला बरं वाटतं.

चांदी रोजच्या वापराला चांगली. घेताना ९२५ आकडा कोरलाय का बघा, म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी. चांदी काळी पडते ती गंधकामुळं. द्राक्षबागेत गंधकाची भुकटी मारायला किंवा फवारणी झालेल्या बागेत कामाला जाणाऱ्या बायकांचं पैंजण लवकर का काळं पडतं, ते आता कळलं असेल. चांदी खोटी म्हणून सोनाराशी भांडू नका, बागेत जाताना डाग घरी ठेवा. काळी पडली तर रांगोळीनं, राखेनं घासू नका, ओरखडे पडतात. कोमट पाण्यात सौम्य साबण आणि जुना मऊ ब्रश पुरतो. डबीत ठेवताना शेजारी खडूचा तुकडा ठेवा, तो ओल शोषतो.

आणि सोनं. इथं जरा सावकाश ऐका, कारण पैसा इथंच जातो.

सोन्याच्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला तो जून २०२१ पासून, टप्प्याटप्प्यानं वेगवेगळ्या जिल्ह्यांत. १ एप्रिल २०२३ पासून दुकानातल्या हॉलमार्कच्या दागिन्यावर तीन खुणा हव्यात. बीआयएसचा त्रिकोणी शिक्का, शुद्धतेचा आकडा, आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी नंबर. २२ कॅरेटला ९१६, १८ कॅरेटला ७५०, १४ कॅरेटला ५८५. तो सहाचा नंबर मोबाईलवरच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की डाग कसला, किती शुद्ध, कोणत्या केंद्रात तपासला, ते दिसतं. हे पुष्कळजणींना आता माहीत आहे.

जे माहीत नसतं ते सांगते. दोन ग्रॅमच्या आतल्या डागाला हॉलमार्क सक्तीचा नाही. आणि आपलं अक्षर असतं केवढं? अर्धा ग्रॅम, एक ग्रॅम, फार तर दीड. म्हणजे चेनवर हॉलमार्क आहे, आणि तिच्यात अडकवलेल्या अक्षरावर काहीच नाही, असं होऊ शकतं. त्यात बेकायदा काही नाही. पण चेनवरचा शिक्का बघून अक्षरही तेवढंच शुद्ध आहे, असं धरून चालू नका. तसंच वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या लहान सराफालाही या सक्तीतून सूट आहे. गावातला सोनार लबाड असतो असं मी म्हणत नाही, पिढ्यान् पिढ्या आपण त्याच्याकडंच जातो. पण मग आपला आधार काय? बिल. बिलावर चेनचं वजन वेगळं, अक्षराचं वेगळं, दोन्हींचं कॅरेट वेगळं लिहून घ्या. अक्षरात खडा किंवा मिनाकाम असेल तर त्याचं वजन सोन्यात धरलेलं नाही, हेही बघा. डाग गहाण ठेवताना किंवा मोडताना खड्याचं वजन वजा करतात, मग घेतानाच ते सोन्याच्या भावानं का घ्यायचं?

शंका असेल तर बीआयएसच्या मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात कुणीही स्वतःचा डाग तपासून घेऊ शकतं. चार डागांपर्यंत मिळून २०० रुपये, अधिक कर. म्हणजे एकटं अक्षर घेऊन जाण्यापेक्षा घरातले चार डाग एकदम न्या. हॉलमार्कच्या डागात लिहिल्यापेक्षा सोनं कमी निघालं तर जेवढी तूट तिच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आता हिशोब. समजा, सोपं जावं म्हणून धरू, २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे. दीड ग्रॅमचं अक्षर म्हणजे सोनं झालं १५,००० चं. घडणावळ १५ टक्के सांगितली तर २,२५० रुपये. झाले १७,२५०. त्यावर ३ टक्के जीएसटी, ५१७ रुपये ५० पैसे. हातात पडायला १७,७६७ रुपये ५० पैसे लागले. उद्या मोडायला गेलात तर घडणावळ आणि कर परत येत नाही, सोन्याचेच मिळतात, तेही तूट धरून. डाग जेवढा लहान आणि नाजूक, तेवढी घडणावळ जास्त चढते. म्हणून अक्षराचं लॉकेट ही गुंतवणूक नाही, हौस आहे. हौस करावी, पण तिला हौसच म्हणावं. गटाचं कर्ज काढून हे घेऊ नका. बचतीतून, शिलाईच्या पैशातून, अंड्यांच्या पैशातून घ्या.

बारीक अक्षर १८ कॅरेटमध्ये घेतलं तर ते जास्त कडक असतं, लवकर वाकत नाही. मात्र भाव १८ चाच लावलाय ना, ते विचारा. वरच्या हिशोबात २२ चा भाव १०,००० असेल तर १८ चा ८,२०० च्या आसपास यायला हवा.

राहिली चेन. १६ इंची चेन गळ्याशी बसते, १८ इंची गळ्याच्या हाडाखाली येते, २४ इंची छातीवर लोंबते. वाकून काम करणाऱ्या बाईला १६ किंवा १८ इंची बरी. लांब चेन विळ्यात, खुरप्यात अडकते. आणि कडबाकुट्टी, मळणी यंत्र, गिरणीचा पट्टा यांच्याजवळ जाताना चेन काढून ठेवायची किंवा ब्लाउजच्या आत घालून वरून पदर खोचायचा. ही सांगायची गोष्ट नाही असं वाटेल, पण यंत्र पदर ओढतं तशीच चेनही ओढतं, आणि मान तिथंच असते. जाड चेन तुटत नाही, हा तिथं गुण नाही. तान्ह्या बाळाला, रांगत्या लेकराला अक्षराची चेन घालूच नका, झोपेत ती गळ्याला आवळते आणि सुटलेलं अक्षर तोंडात जातं. बारशाला नावाचं अक्षर द्यायची हौस असेल तर द्या, पण आईनं ते डबीत जपून ठेवावं.

मंगळसूत्रासोबत वेगळी चेन घातली की दोन्हींचा गुंता होतो, सकाळी सोडवत बसावं लागतं. एक सोपा उपाय आहे. छोट्या मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांत वाट्यांच्या बाजूला अक्षर ओवून घ्या, पटव्याकडं नेलं तर तो गाठून देतो. चेनचा खर्चही वाचतो. आमच्या त्या वहिनींनी तसंच केलंय. चांदीचं अक्षर, माहेरच्या नावाचं, काळ्या पोतीत. हळदीकुंकवाला एकीनं विचारलं, हे कुणाचं अक्षर? तर म्हणाल्या, माझंच.

घेतल्यावर बिलाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, बिलाची शाई वर्षभरात उडते. आणि बिल स्वतःच्या नावावर करा. कुणाला अजून काही विचारायचं असेल तर गटाच्या बैठकीत लिहून द्या, पुढच्या वेळी त्यावर बोलू.