दवाखान्यात केव्हा जावे?



आजचा विषय दवाखान्याचा आहे. दवाखान्यात जाऊ नका, असे सांगायला आम्ही उभे नाही. तसे सांगणारे पुष्कळ भेटतात. पावसाळा लागला, ताप-जुलाबाची साथ आली, दवाखान्याच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही, की ते म्हणतात, "लोकांना शिंक आली तरी डाक्टर लागतो." हे बोलणे आम्हांला पटत नाही. मजुरी करणारा माणूस हौस म्हणून दवाखान्यात जात नाही. त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. तो रात्री नऊ वाजता आला, तर दिवसा त्याला सवड नव्हती म्हणून आला. त्याला हसू नये.

पण गर्दी होते, ही गोष्ट खरी आहे. आणि गर्दीने नुसता उशीर होतो असे नाही. आणखी काय होते, ते पाहू. आधी एक सोपा हिशेब करू. पाटीवर मांडलात तरी चालेल.

सपाटीच्या मुलखात ३० हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा सरकारी दंडक आहे. डोंगरी आणि आदिवासी मुलखात २० हजारांना एक. ३० हजारांतून, दर २०० माणसांमागे एकच माणूस एका सकाळी आला, असे धरा. किती झाले? १५०. सकाळचे चार तास धरा. त्याची मिनिटे २४०. डाक्टर एक असेल, तर एकेका माणसाच्या वाट्याला दीड मिनिटाहून थोडे जास्त येते. केंद्राला दोन डाक्टर असतात, असे कोणी म्हणेल. असतात. पण एक जण बाळंतपणात अडकलेला असतो, नाहीतर शिबिराला गेलेला असतो, नाहीतर तालुक्याला बैठकीला.

आता दीड मिनिटात काय होणार? नाव विचारले, काय होते ते विचारले, चिठ्ठी लिहिली, संपले. नाडी पाहिली तर जीभ पाहायची राहते.

आमच्या माहितीतली एक गोष्ट सांगतो. गावाचे नाव नको. आषाढातला सोमवार होता. दहा-अकरा वर्षांच्या एका पोराला त्याचा बाप सकाळी दवाखान्यात घेऊन आला. पहाटेपासून पोट दुखते, एकदा उलटी झाली, एवढीच तक्रार. ओळीत त्यांच्यापुढे साठ-सत्तर माणसे होती. पोट तर त्या दिवशी निम्म्या ओळीचे दुखत होते. बाप गुमान मागे बसला. औषधे मोजणाऱ्या सिस्टरबाई बाहेर आल्या, त्यांची नजर पोरावर गेली. त्याच्या पापण्या खाली येत होत्या. त्यांनी विचारले, "रात्री झोपला नाही का रे?" तो म्हणाला, "झोपलो की. पण डोळेच उघडत नाहीत." बोलताना जीभ जड. बाईंनी बापाला विचारले, "रात्री कुठे झोपला होता?" "खालीच, जमिनीवर."

बाईंनी पोराला ओळीतून उचलले आणि थेट आत नेले. ओळीत कुरकुर झाली. "आम्ही सकाळी सातपासून बसलोय, आम्ही माणसे नाही का?" पण ते मण्यारीचे दंश होते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्याला चावते. चावल्याची खूण धड दिसत नाही, सूज येत नाही. पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, आणि मग श्वास बंद पडतो. पोराला सर्पविषावरची लस दिली, पुढे मोठ्या इस्पितळात श्वासाच्या यंत्रावर ठेवले. तो वाचला.

त्या बाईंना त्या क्षणी सवड मिळाली, म्हणून त्यांना पापण्या दिसल्या. आणखी वीस माणसे खिडकीशी हात पुढे करून उभी असती, तर मान वर करायला त्यांना कधी वेळ मिळाला असता? गर्दीचे नुकसान हे असे असते. ज्याला थांबून चालत नाही, तो थांबू शकणाऱ्यांच्या मागे दिसेनासा होतो. पुष्कळदा त्याला स्वतःलाही ठाऊक नसते, की आपल्याला थांबून चालणार नाही.

ओळ मोडून एखाद्याला आधी आत घेतात, तेव्हा आपल्याला राग येतो. पण तो नियम जुना आहे, आणि न्यायाचा आहे. फ्रान्सच्या नेपोलियन बादशहाच्या फौजेत लारे नावाचा शस्त्रवैद्य होता. जखमी आणले, की तो हुद्दा पाहत नसे, जखम पाहत असे. शिपाई जास्त घायाळ असला तर आधी शिपाई, सरदार मागून. आमच्या मते बसच्या रांगेत पहिला आला तो पहिला, हे ठीक. दवाखान्यात ज्याचा जीव अडला तो पहिला. मात्र पुढाऱ्याचा मेहुणा म्हणून कोणी मधे शिरत असेल, तर तिथे अवश्य बोलावे.

तर घटकाभरही न थांबण्याची दुखणी कोणती? साप चावला, मग तो कोणताही असो. कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. हातपाय न हलवता निघावे. कोकणात लाल विंचू चावून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर तसेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विंचवावर प्राझोसिन नावाच्या गोळीचा उपाय दाखवून दिला; २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण ती गोळी वेळेवर पोटात गेली तर उपयोग. छातीत कळ येऊन घाम फुटणे. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे. गरोदर बाईला रक्त जाणे, झटका येणे, किंवा डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे. मूल दूध ओढेनासे होणे, निपचित पडणे, श्वास घेताना त्याची छाती आत ओढली जाणे. यात रात्र, अपरात्र, सणवार काही पाहू नये. १०८ ला फोन लावावा.

ही १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या. २०११ च्या शिरगणतीत राज्याची वस्ती सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. म्हणजे एका गाडीमागे सुमारे एक लाख वीस हजार माणसे. म्हातारीच्या गुडघ्यासाठी, गाडीभाडे वाचते म्हणून ती बोलावली, तर तेवढा वेळ लाखभर माणसांची गाडी गुंतली. म्हातारीला दवाखान्यात न्यावेच. पण एस.टी.ने, नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीवर.

दुसरी दुखणी अशी, की ती रात्रभर थांबतात, पण महिनाभर थांबत नाहीत. इथे आपले लोक फसतात. घाई नाही, म्हणजे जायलाच नको, असा अर्थ करून घेतात. दोन आठवड्यांवर खोकला गेला, तर थुंकी तपासून घेतलीच पाहिजे. तो क्षय असू शकतो. २०१९ साली आपल्या देशात क्षयाच्या सुमारे २४ लाख रोग्यांची नोंद झाली. २०२० साली कोरोनाची साथ आली, माणसे घरात बसली, दवाखाने दुसऱ्याच कामात बुडाले, आणि नोंद १८ लाखांवर आली. रोग का कमी झाला? मुळीच नाही. तपासणी कमी झाली. ते न सापडलेले रोगी घरातच खोकत राहिले, बायकामुलांजवळ.

रक्तदाब आणि साखर, यांचेही तेच. बरे वाटते म्हणून गोळी सोडायची नाही. कुत्रे चावले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यायला जावे. अंडवृद्धी, मोतीबिंदू यांची शस्त्रक्रिया ठरवून करता येते. गर्दीच्या दिवसांत डाक्टरांनी पुढची तारीख दिली, तर रुसू नये. तारीख मात्र लिहून घ्यावी, आणि तोवर काय झाले तर लगेच यायचे, हे विचारून घ्यावे. आतडे उतरलेली गाठ एकाएकी कडक झाली, आत जाईना, दुखून उलट्या झाल्या, की ती तारीख रद्द समजावी आणि निघावे. डोळा लाल होऊन ठणकू लागला आणि दिसेनासे झाले, तर तो मोतीबिंदू म्हणून थांबू नये.

तिसरी दुखणी घरची. सर्दी, अंग मोडून येणे, चार वेळा पातळ झाडा. यासाठी रात्री डाक्टरला उठवून "सुई द्या, बाटली लावा" म्हणू नये. सुईशिवाय औषध लागू पडत नाही, ही समजूत आपल्यात कशी शिरली कोण जाणे! सलाईनची साधी बाटली म्हणजे अर्धा लिटर पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. माणूस तोंडाने पिऊ शकत असेल, तर मीठपाणी तोंडानेही जाते.

याचा एक मोठा दाखला आहे. १९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. इस्पितळात जमिनीवर रोगी, सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महलानबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपे भरली, आणि रोग्यांच्या आईबापांच्या, भावांच्या हातात पेले दिले. तुम्हीच पाजा, म्हणाले. तोवर छावणीत शेकडा तीसच्या आसपास रोगी दगावत होते. पाणी पाजू लागल्यावर ते प्रमाण शेकडा चारच्या खाली आले. पदवी नसलेल्या माणसांनी जीव वाचवले. डाक्टर आणि बाटल्या, ज्यांना पिता येत नव्हते त्यांच्यासाठी राहिल्या.

घरी हे पाणी असे करावे: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त घालू नये. आशाताईकडे पुडी मिळाली तर अधिक चांगले. मूल पीत असेल आणि लघवीला होत असेल, तर घरी चालेल. पिईना, डोळे खोल गेले, झाड्यातून रक्त पडले, तर घरचा उपाय थांबवून दवाखाना गाठावा.

कोणत्या दिवशी जावे, हेही पाहावे. बाजाराच्या दिवशी बाजारही होतो आणि दवाखानाही होतो, म्हणून सगळे त्याच दिवशी जातात. महिन्याची गोळी आणायची असेल, तर आडवार धरावा. आणि तेवढ्यासाठी मोठ्या केंद्रात तरी कशाला? ५ हजार वस्तीला एक उपकेंद्र असते. आता त्यावर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसते. रक्तदाब तिथे मोजतात, साखर पाहतात, गोळ्या मिळतात. तिथे गोळ्या संपल्या असतील, तर ती तक्रार ग्रामसभेत मांडावी. आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. मजुरांसाठी संध्याकाळची वेळ नीट पाळली जावी, हे तिला सांगावे. आपण शहाणपणाने वागायचे आणि सरकारने हात झाडायचे, असा एकतर्फी सौदा आम्हांला मान्य नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार विनामूल्य केले आहेत. तेव्हा कोणी तिथे चिठ्ठीचे पैसे मागितले, तर पावती मागावी.

पुढच्या बुधवारी उपकेंद्राच्या सिस्टरबाई आपल्या वर्गाला येणार आहेत. येताना प्रत्येकाने घरातले जुने केसपेपर आणि गोळ्यांची पाकिटे आणावीत. गोळीचे नाव, दिवसातून किती वेळा, आणि केव्हापर्यंत वापरायची ती तारीख, हे तीन शब्द आपण फळ्यावर लिहू आणि वाचू. ज्यांना अजून जोडाक्षरे अडतात, त्यांनीही यावे. गोळ्यांची नावे आम्हांलासुद्धा अडतात.