'कम्युनिकेशन सुधारा' म्हणजे नेमकं काय?

(म्हैसूरमध्ये तरुण पदवीधरांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी समाजशास्त्रात पीएच.डी. करतोय. कॉम्प्युटरचा कोड मला वाचता येत नाही. तुमच्यातले बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहेत, कुणी ट्रेनिंगसाठी महाराष्ट्रातून इथे आलंय. म्हणून एका मित्राची गोष्ट सांगतो, त्याला विचारूनच.

तो इथल्याच एका सॉफ्टवेअर कन्सल्टिंग कंपनीत आहे. नोकरी अजून चालू आहे, त्यामुळे कंपनीचं नाव घेत नाही. दोन वर्षांपूर्वी तिथे केबिन काढून टाकल्या. 'सर' म्हणायचं नाही, सगळ्यांना नावाने हाक मारायची. रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याउभ्या मीटिंग. मित्र खूश. त्याचे वडील एसटीत मेकॅनिक होते, साहेबासमोर कधी खुर्चीवर बसले नाहीत. "आणि मी मॅनेजरला नावाने हाक मारतो," असं फोनवर सांगायचा.

कन्सल्टिंगमध्ये एक प्रोजेक्ट संपला की दुसरा मिळेपर्यंत माणूस 'बेंच'वर असतो. पगार चालू, काम नाही. फार दिवस तिथे राहिलात की नोकरीच धोक्यात. पुढच्या प्रोजेक्टवर कुणाला घ्यायचं हे म्हणायला कौशल्य बघून ठरतं. प्रत्यक्षात मॅनेजर एकमेकांना विचारतात, "मुलगा कसा आहे?" त्याचं उत्तर कॅन्टीनमध्ये, एका कॉलेजच्या ओळखीत तयार होतं. मित्राला पहिल्याच आठवड्यात दोन प्रश्न आले होते: पूर्ण नाव काय, आणि एन्ट्रन्सला रँक किती? रँक ऐकून समोरचा फक्त "अच्छा" म्हणाला. त्या रविवारी टीम चामुंडी टेकडीवर गेली. याला सोमवारी फोटो दिसले.

सरकारी कचेरीत जात नाही असं मी म्हणत नाही, वाट्टेल तेवढी आहे! पण तिथे सेवाज्येष्ठतेची यादी असते, बिंदुनामावली असते. यादीवर बोट ठेवून भांडता येतं. "मुलगा कसा आहे?" यावर बोट कुठे ठेवणार?

आणि हा वाद म्हैसूरला नवा नाही. १९१८ साली महाराजा नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना वाटा कसा द्यायचा, हा तिचा विषय. दिवाण विश्वेश्वरय्यांना हे धोरण पटलं नाही, कार्यक्षमता घसरेल असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दिवाणपद सोडलं. समिती मात्र राहिली, आदेशही निघाले. खासगी कंपनीला तसा आदेश आजही लागू नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली. जातीच्या तक्रारीसाठी अशी समिती बंधनकारक नाही. ही मागणी आपण संघटितपणे लावून धरली पाहिजे.

तोवर निदान लेखी मागा. मित्राला यंदा शेरा मिळाला, 'कम्युनिकेशन सुधारा.' तीन महिने तो बेंचवर आहे. मी त्याला म्हटलं, भावा, मेल कर, कुठल्या मीटिंगमध्ये काय चुकलं ते विचार. त्याने केला. उत्तर आलं, 'कॉलवर बोलू.'

त्याने काल रात्री पुन्हा लिहिलं, 'मेलवरच सांगा.'